चाल सांडू नये म्हणून

दादा सकाळी चहाच्या आधी क्लॅरिनेटची पत्ती तोंडात धरायचे. दादा म्हणजे माझे वडील, गणपत. सुपारीच्या डबीतून ती वेताची पातळ पत्ती काढायची, जिभेवर ठेवायची आणि नीट ओली होईपर्यंत ओसरीवर पाय सोडून बसायचं. तेवढा वेळ बोलणं बंद, जे काय ते 'हूं'वर. आईला हे बरोब्बर ठाऊक. माहेरी जायचं, माझ्या परकराला कापड आणायचं, म्हशीचा टोणगा कुणाला द्यायचा, सगळे अवघड विषय ती चुलीपाशी बसून नेमके तेव्हाच काढायची. "मंग जाऊ का मी सोमवारी?" "हूं." "चार दिस ऱ्हाईन हां." "हूं." पत्ती तोंडातून निघाली की दादा ओरडायचे, "मी कवा म्हणलो व्हय?" आणि आई माझ्याकडं वळायची, "सुमे, तू ऐकलंस का न्हाई गं?" मी कायम आईच्या बाजूनं साक्ष द्यायची. आमचा संसार असा चालायचा.

कोळवणच्या खोऱ्यात आमचं घर, पुढं भाताची खाचरं आणि मागं करवंदीच्या जाळ्या. घर शेतकऱ्याचंच, पण माळ्यावर चढलात तर भाताच्या कणगीआड मोठा ढोल, त्याला टेकून फुंकायचा पितळी भोंगा, खुंट्यांना बँडाचे लाल कोट. उंदरांना भातापेक्षा ढोलाचं कातडं गोड लागायचं. म्हणून आईनं मांजर पाळलं होतं आणि बँडातलंच एक माणूस समजून त्याला रोज वाटीभर दूध घालायची. तालमीच्या दिवशी वाजवणारे जमले की ओढ्यातल्या खेकड्यांचा रस्सा आणि तांदळाच्या भाकरी. पाट्यावर मसाला वाटल्याचा वास वाडीच्या टोकापर्यंत जायचा, आणि ज्यांना एरवी तालमीला यायला सवड नसायची त्यांनाही त्या दिवशी बरोबर सवड व्हायची. "ह्यांला सूर ऐकू येत न्हाई, वास येतो," असं आई म्हणायची आणि आणखी पीठ मळायला घ्यायची.

हे सगळं खूळ आणलं आप्पांनी. आप्पा म्हणजे दादांचे सख्खे थोरले भाऊ. पलटणीतल्या बँडात त्यांची नोकरी झाली. सुटून आले ते ट्रंकेत एक ट्रंपेट आणि एक जुनं क्लॅरिनेट घेऊन. ट्रंपेट स्वतःला ठेवलं, क्लॅरिनेट धाकट्या भावाच्या हातात दिलं आणि वाडीतल्या रिकामटेकड्यांना गोळा करून बँड उभा केला. भावकीला ते कधीच रुचलं नाही. "कुणब्याच्या पोरांनी नांगर धरायचा का पिपाणी?" असं तोंडावर म्हणायचे. स्वतःच्या घरी लग्न निघालं की मात्र फुकटात वाजवायला ह्यांनाच बोलवायचे, आणि पंगतीला वाजंत्री म्हणून सगळ्यांत शेवटी बसवायचे. आप्पा हसून सोडून द्यायचे. दादांना ते लागायचं. घरी येऊन एक शब्द बोलायचे नाहीत, पत्ती तोंडात नसली तरी असल्यासारखे बसायचे. आई भांडी आपटायची.

आता चालीचं सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. लग्नवाल्यांना नव्या पिच्चरची गाणी हवी असायची. रेडिओ होता, पण गाणं कधी लागेल त्याचा नेम नाही, आणि लागलंच तर डोंगरामुळं निम्मं खरखरीत जायचं. मग आप्पा पुण्याला जायचे. गाण्यांचा पिच्चर लागला की पुढच्या रांगेचं तिकीट काढायचं आणि बसायचं. गोष्टीशी त्यांना काही घेणंदेणं नव्हतं. गाणं सुरू झालं की हा माणूस डोळे मिटून घ्यायचा! जगात पिच्चर बघायला जाऊन डोळे मिटणारे आमचे आप्पा एकटेच असतील. हिरो जगला का मेला, त्यांना पत्ता नसायचा. कोणी विचारलं तर म्हणायचे, "दुसऱ्या गाण्याचा मधला तुकडा झकास हाय."

गाणं डोक्यात भरलं की आप्पा तोंड मिटून एसटीत बसायचे. कंडक्टरला बोटानं खूण. ओळखीचं कोणी दिसलं तर खिडकीबाहेर बघायचं. पाण्यानं भरलेली घागर डोक्यावर घेऊन निघालेल्या बाईला जसं कोणी हटकत नाही, तसं आप्पा पुण्याहून उतरले की गाव त्यांना हटकत नसे. सगळ्यांना माहीत, आप्पांच्या डोक्यात चाल आहे, ती सांडायची नाही. वाडीत कोणीतरी आधीच पळत येऊन हातानं सांगायचं, की आई कालवण उतरवून ठेवायची, रटरटायलाही नको म्हणून. आम्ही पोरं तोंडावर हात ठेवून भिंतीला उभी. आप्पा चपला काढून सरळ खुंटीवरचं ट्रंपेट घ्यायचे आणि ओसरीवर बसून चाल ओतायला लागायचे. दादा समोर, एकेक तुकडा उचलत. शेवटचा तुकडा दादांच्या बोटांत नीट बसला की आप्पा ट्रंपेट मांडीवर ठेवायचे आणि म्हणायचे, "हां. आता बोला." मग काय विचारता! कोंबड्यासुद्धा मोकळ्या झाल्यासारख्या कलकल करायच्या.

एकदाच घात झाला. शेजारच्या वाडीतले मारुती तात्या, मोठ्या गळ्याचा, मोठ्या मनाचा माणूस, बाहेरगावाहून येत होते. त्यांना चालीचं कोणी सांगितलं नव्हतं. आप्पा एसटीतून उतरताना दिसल्याबरोबर ते गरजले, "काय आप्पा, काय म्हणतंय पुणं?" आणि आप्पा सवयीनं बोलून गेले, "बरं हाय की." झालं! निम्मी चाल तिथंच रस्त्यावर सांडली. घरी येऊन किती वेळ डोकं धरून बसले बिचारे. पुढं लग्न होतं, गाणं कबूल केलेलं. शेवटी पहिली निम्मी पिच्चरची चाल दादांच्या क्लॅरिनेटवर, आणि पुढची निम्मी आप्पांना पलटणीतला एक कवायतीचा तुकडा आठवला तो ट्रंपेटवर, असं जुळवून टाकलं. क्लॅरिनेटनं विचारायचं आणि ट्रंपेटनं उत्तर द्यायचं. पोरं अशी नाचली की विचारू नका. खोऱ्यात तीच चाल खरी ठरली. नंतर पौडच्या जत्रेत तंबूत तो पिच्चर आला, तेव्हा आमच्याकडची माणसं तक्रार करत बाहेर पडली की पिच्चरवाल्यांनी गाणं चुकवलंय. तिला सगळे 'तात्याची चाल' म्हणायला लागले आणि तात्या उलट मिशीला पीळ देऊन सांगायचे की ती मी केली.

बँडाचा एक रिवाज होता, तोही आप्पांनीच घालून दिलेला. ज्याची जागा त्यानंच वाजवायची. एखाद्याला ठसका लागला, उशीर झाला, तरी दुसऱ्यानं घुसायचं नाही. नुसता ढोल चालू ठेवायचा आणि त्याची जागा रिकामी सोडायची. "मानूस येतूया तवर जागा ऱ्हाऊ द्या," असं म्हणायचे. पुढं आप्पांच्याच छातीनं दगा दिला. धाप लागायची, खोकला थांबायचा नाही. लेकीनं, शांताक्कानं, त्यांना आपल्या सासरी महाळुंग्याला नेलं, तिथून दवाखाना जवळ म्हणून. त्या दिवसापासून बँडानं 'तात्याची चाल' वाजवणं सोडलं. विचारणारा होता, उत्तर देणारा नव्हता. आता महाळुंग्यात उंच उंच इमारती झाल्यात, माझी नात ईशा त्यातल्याच एकीत बाराव्या मजल्यावर राहते. तिच्या गॅलरीतून मी शांताक्काचं घर कुठं होतं ते शोधत बसते, पण सापडत नाही.

आप्पा गेल्यावर... म्हणजे महाळुंग्याला गेल्यावर, पिच्चरवाली माणसं आमच्याकडं आली. हा 'गेल्यावर' शब्द माझ्या हातून अजून नीट उतरत नाही. वसुधाताई नावाच्या पुण्याच्या बाई होत्या, आखूड केस, पुरुषांसारखी पँट. बाया पाणवठ्यावरून वाट वाकडी करून त्यांना बघायला यायच्या. बरोबर कॅमेरावाले घोषबाबू, त्यांना मराठी ओ की ठो येत नव्हतं, पण खेकड्याचा रस्सा ओरपताना त्यांना भाषेची गरज पडत नसे. गावोगावचे बँड लाउडस्पीकरपुढं बंद पडत चाललेत, त्यातल्या एका बँडावर त्यांना माहितीपट करायचा होता. आम्ही त्यांना माडीवरची खोली भाड्यानं दिली. दादांना पहिले काही दिवस खरंच वाटेना. रोज दाढी करून, लाल कोट घालून बसायचे. वसुधाताई म्हणायच्या, "गणपतराव, कॅमेऱ्याकडं बघू नका," आणि दादांना जगात कॅमेऱ्याशिवाय दुसरं काही दिसायचंच नाही. म्हैस पिळतानासुद्धा मान कॅमेऱ्याकडं. आई पदरात तोंड घालून हसायची.

पण मी बघत होते, दादांची चाल बदलली होती, चालायची. भावकीतले लोक आता येता-जाता ओसरीवर टेकायचे, आपणही दिसू म्हणून. ज्यांनी पंगतीच्या शेवटी बसवलं तेच म्हणायचे, "आमचा गणपा पयल्यापासनं गुनी." दादा मान खाली घालून ऐकायचे, आणि त्यांचे कान लाल व्हायचे.

'तात्याची चाल' कशी झाली ते ऐकून वसुधाताई वेड्याच झाल्या. त्यांना पिच्चरचा शेवट त्यावरच हवा होता, दोघे भाऊ समोरासमोर. योग असा की मारुती तात्यांच्याच मुलीचं लग्न ठरलेलं, वाजवायला आमचाच बँड. महाळुंग्याला निरोप गेला. आप्पांनी उलट सांगून पाठवलं, "एका चालीपुरता दम हाय माज्यात. येतो." दादांनी त्या आठवड्यात किती पत्त्या तासल्या आणि किती टाकल्या! रात्रंदिवस एकच, "आप्पा येतूया." वसुधाताईंची फिल्म संपत आली होती, शेवटचा डबा राहिला होता, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना निघायचं होतं.

लग्नाच्या दिवशी सकाळी दादा लवकर मांडवात गेले. आमच्याकडं नवरदेव लग्नाआधी वाजतगाजत मारुतीच्या देवळात पाया पडायला जातो, त्याला परण्या म्हणतात. त्यातच ती चाल वाजायची होती. आप्पा महाळुंग्याहून भाड्याच्या जीपनं परस्पर तिकडंच येणार होते. मी आणि आई मागं राहिलो होतो, आवरून निघायच्या बेतात. आईनं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं, अबोलीचा गजरा माळला होता. तेवढ्यात अंगणाच्या कडेला शांताक्काचा दीर, बाळूभाऊ, येऊन उभा राहिला. आई म्हणाली, "अवो, आत या की. आप्पा कुटं हायेत?" तो आत येईना. पाणी दिलं तर घेईना. मग आईचा चेहरा उतरला.

"वहिनी, आप्पा गेलं," बाळूभाऊ म्हणाला. "पहाटंच. लाल कोट घालून, टंपेट मांडीवर घिऊन जीपची वाट बघत बसलं व्हतं. ठसका लागला, अन् मंग थांबलाच न्हाई. गणपतरावास्नी सांगाया आलोय. कुटं हायेत त्ये?" लांबून मांडवाकडून ढोलाचा आवाज येत होता. कोणीतरी कातडं ताणून बघत होतं.

आई पायरीवर टेकली. मी रडायला लागले तसं तिनं माझा हात धरला. मग तिनं गजरा काढून ओसरीच्या कडेला ठेवला. सुतक माणूस गेल्याबरोबर लागतं असं कोणाला वाटत असेल. आमच्याकडं ते कानावर आलं की लागतं. ज्याला कळलं नाही तो मोकळा, तो देवाला जाऊ शकतो, मांडवात जाऊ शकतो, वाजवू शकतो. ज्याला कळलं त्यानं कशालाच शिवायचं नाही. आई आणि मी त्या एका वाक्यानं बाटलो होतो. दादा अजून मोकळे होते. हे आईच्या मनात कधी आलं मला माहीत नाही, पण ती उठली तेव्हा तिचा आवाज वेगळा होता.

"बाळूभाऊ, तुमी हितं बसा. त्यांचं वाजवून हुस्तवर त्यांला सांगायचं न्हाई."

"वहिनी, ह्ये बरं न्हाई. सख्खा भाऊ हाय. तिकडं समदी वाट बघत्यात."

"ठावं हाय मला. मला काय कळत न्हाई व्हय? जलमभर भावकीनं ह्यांला खालच्या टोकाला बसवलं. आज पयल्यांदा कोन त्यांच्यासाठी आलंय. आत्ता कळलं तर ती पिपाणी खाली ठेवत्याल अन् उद्या ही मानसं निघून जात्याल. अन् मांडवात कळलं तर तात्याच्या लेकीच्या लग्नाला अपशकुन. आप्पा असतं तर त्येंनीच थांबिवलं असतं." शेवटचं वाक्य बोलताना तिला हुंदका आवरेना. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "सुमे, तू जा. बांधावर हुबी ऱ्हा. मांडवात शिरू नगस, कुनाला शिवू नगस. वाजवून झालं की पळत ये."

"अन् दादांनी काय इचारलं तर?"

"आप्पा चाल घिऊन यायचे तवा बोलत व्हतीस का? तसंच."

मी गेले. जायचं नव्हतं मला, पण त्या वयात आईला नाही म्हणायची आमची ताकद नव्हती, आणि खरं सांगू का, मला काय वाटत होतं तेच मला कळत नव्हतं. दादांनी वाजवावं असं वाटत होतं आणि कोणीतरी येऊन सगळं थांबवावं असंही वाटत होतं. बांधावर उभी राहिले. खाली रस्ता, रस्त्यावर घोड्यावर नवरदेव, पुढं आमचा बँड. घोषबाबू बैलगाडीवर कॅमेरा मांडून बसलेले. दादा ऊन-सावली बघितल्यासारखे सारखे पौडकडच्या वळणाकडं बघत होते. परण्या त्यांच्यामुळं खोळंबला होता. तात्यासुद्धा म्हणत होते, "येऊ दे रं आप्पाला, माझी चाल हाय ती!"

दादांनी मला बघितलं आणि खालून हाक मारली, "सुमे! आप्पा घरी आलं का गं?"

मी तोंडावर हात ठेवला आणि मान हलवली. नाही. ते खरंच होतं, आप्पा घरी आले नव्हते. दादा हसून म्हणाले, "येत्याल, येत्याल. जीप फसली आसंल कुटं," आणि वसुधाताईंकडं वळले. वसुधाताई म्हणाल्या, "गणपतराव, आता नाही थांबता येणार. घोडं बुजायला लागलंय, मुहूर्त जवळ आलाय." दादांनी पत्ती जिभेवर फिरवली, क्लॅरिनेट ओठांना लावलं, आणि 'तात्याची चाल' सुरू झाली.

क्लॅरिनेटनं विचारलं. इतकं गोड मी त्याआधी ऐकलं नव्हतं, त्यानंतरही नाही. आणि मग जिथं ट्रंपेटनं उत्तर द्यायचं, तिथं दादांनी क्लॅरिनेट खाली घेतलं आणि वळणाकडं बघितलं. नुसता ढोल वाजत राहिला. बँडात दुसरा एक ट्रंपेटवाला होता, त्यानं वाद्य उचललं तसं दादांनी डोळ्यानं त्याला थांबवलं. जागा आप्पांची. ढोल जागा मोजत गेला, जागा संपली, दादांनी पुन्हा विचारलं. पुन्हा थांबले. पुन्हा रस्त्याकडं बघितलं. चेहऱ्यावर असं हसू, की आत्ता वळणावरून जीप दिसेल आणि आप्पा जीपमधूनच फुंकत येतील. परण्या पुढं सरकत होता, मी बांधावरून बरोबर चालत होते, माझा हात तोंडावर तसाच. नाचणारी पोरं त्या रिकाम्या जागेतही नाचत होती. मला ओरडायचं होतं, दादा, नका बघू तिकडं! एक शब्द निघाला असता तर सगळं तिथंच संपलं असतं, घोडं, नवरदेव, कॅमेरा, सगळं. मी काही केलं नाही. मला काही करताच येत नव्हतं.

मारुतीच्या देवळापाशी वाजवणं थांबलं तशी मी घराकडं पळत सुटले. आई आणि बाळूभाऊ देवळापासून लांब, आंब्याखाली येऊन उभे राहिले. दादा घामानं निथळत, हसत त्यांच्याकडं आले. "आप्पा चुकला बघ. लई मज्जा झाली असती," असं म्हणत होते, तोच त्यांचं बाळूभाऊकडं लक्ष गेलं, आणि मग आईच्या गजरा नसलेल्या अंबाड्याकडं.

"कवा?" एवढंच त्यांनी विचारलं.

"पहाटं," बाळूभाऊ म्हणाला.

"मीच थांबिवलं त्येंला," आई म्हणाली.

दादा हातातल्या क्लॅरिनेटकडं बघत राहिले. ते त्यांनी बांधावर ठेवलं, चालत पाटावर गेले आणि अंगावरच्या कपड्यांनिशी पाण्यात बसले. कोटाचा रंग कच्चा होता, पाटाचं पाणी खालपर्यंत लाल होत गेलं. आम्ही सगळे उभे होतो. पूर्वी आप्पा ट्रंपेट खाली ठेवून 'आता बोला' म्हणायचे. त्या दिवशी तसं म्हणणारं कोणी नव्हतं.

वसुधाताईंनी ऐकल्याबरोबर जीपमधलं सामान खाली काढलं. त्यांच्याच जीपनं आम्ही महाळुंग्याला गेलो. शांताक्का दादांच्या गळ्यात पडून म्हणाली, "काका, लई वाट बघाया लावलीसा." दादांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. उशीर का झाला ते त्यांनी सांगितलं नाही, बाळूभाऊनंही नाही. दाराशी एक पिशवी होती, तिच्यात जुन्या खाकी सदऱ्यात गुंडाळलेलं ट्रंपेट, चिंचेनं घासून लख्ख केलेलं. येताना ती पिशवी दादांच्या मांडीवर होती.

सुतक फिटल्यावर एका सकाळी दादांनी सुपारीची डबी काढली. पत्ती तोंडात धरून ओसरीवर बसले. आई चुलीपाशी होती. तिनं लाकडं आत सारली आणि विचारलं, "मी चुकले का वो?" दादा म्हणाले, "हूं." पत्ती तोंडातून काढल्यावर ते काही बोलले नाहीत, आणि आईनंही माझी साक्ष काढली नाही. त्या 'हूं'चा अर्थ तिला मरेपर्यंत लागला नाही. शेवटच्या दुखण्यात माझा हात धरून विचारायची, "व्हय म्हणलं असतील का गं त्ये?" मी म्हणायची, "अगं, पत्ती व्हती तोंडात." दुसरं काय सांगणार?

वसुधाताई पिच्चर जोडताना पुन्हा आल्या होत्या. म्हणाल्या, "गणपतराव, तुम्ही म्हणाल तर शेवट काढून टाकते." दादा म्हणाले, "काढू नगा ताई. त्याची जागा हाय ती." दादा पुढं बरीच वर्षं वाजवत राहिले. 'तात्याची चाल' कोणी मागितली तर वाजवायचेही, आणि ती जागा सोडायचे, पण रस्त्याकडं बघायचे नाहीत. मग लाउडस्पीकर आले, मग डीजे. आता शनिवार-रविवारी आमच्या खोऱ्यातल्या फार्महाउसांवर जे दणाणतं त्यात एक जागा रिकामी नसते.

मागच्या महिन्यात ईशा म्हणाली, "आजी, संगीतावरच्या फिल्म्सचा फेस्टिव्हल आहे, आपली पण दाखवतायत, रिस्टोअर करून." गुडघ्यांना पट्टे बांधून गेले. आमच्या आधी एक परदेशी पिच्चर होता, चार पोरं गिटारी घेऊन एका खटारा गाडीतून गावोगाव हिंडतात आणि भांडतात. आमच्या बँडावाल्यांचीच आठवण झाली, फक्त त्यांना रस्सा मिळत नव्हता. दुसऱ्यात तर माणसं बोलतच नव्हती, बँकेत, दवाखान्यात, भाजी घेताना नुसती गात होती. आप्पा असते तर डोळे मिटून बसले असते. मग एक चष्मेवाले गृहस्थ उठून आमच्या पिच्चरबद्दल बोलले. शेवटच्या दृश्यात मौन किती धीटपणे वापरलंय, क्लॅरिनेटवादक मुद्दाम उत्तर नाकारतो, असं काय काय. ईशानं माझ्याकडं बघितलं. मी तिला हातानंच गप्प केलं. भला माणूस होता, त्याला काय माहीत?

अंधार झाला. म्हैस आली, दादांची कॅमेऱ्याकडं वळलेली मान आली, लोक हसले, मीही हसले. आई दिसली, पदरात तोंड घालून. मग परण्या आला. दादांनी विचारलं आणि क्लॅरिनेट खाली घेतलं. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये फक्त आमचा ढोल. पडद्याच्या कडेला, बांधावर, परकरातली एक पोरगी तोंडावर हात ठेवून चालत होती. मी खाली बघितलं तर माझाही हात तोंडावर. म्हातारी झाले, केस पिकले, आई गेली, दादा गेले, जिचं लग्न मोडलं असतं ती तात्यांची लेकसुद्धा आजी होऊन बसली, आणि माझा हात अजून तिथंच.

मी हात काढला. पडद्यावर दादा वळणाकडं बघत होते, तेच हसू. "दादा," मी म्हणाले, आणि आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला, "आप्पा गेलं वो. नका वाट बघू."

पुढच्या रांगेतलं कोणीतरी मागं वळून "शूऽऽ" म्हणालं. ईशानं माझा हात धरला. दादांनी रस्त्यावरची नजर काढली, ओठ पुसले, क्लॅरिनेट उचललं आणि पुन्हा विचारलं.